खास काही तयारी करू नका

ऑर्चर्ड बेंडच्या कॉलेजात माजी सैनिक ओळखायचा असेल तर त्याचा चेहरा बघू नये, त्याची गाडी बघावी. बाकीची पोरं गाडी नाक खुपसून लावतात, वर्गात कोपऱ्यात उभं केलेल्या वांड मुलासारखी. फौजेतून आलेला माणूस मात्र गाडी उलटी आत घेतो. तोंड बाहेर, पाठ भिंतीकडे. का, म्हणून विचारलं तर त्यालाही धड सांगता येत नाही. घाईनं निघायची वेळ कधी येईल याचा नेम नाही, असं काहीतरी पुटपुटतो. आता ऑर्चर्ड बेंडमधून कुणाला घाईनं निघावं लागल्याचं ऐकिवात नाही. मक्याच्या शेतांतून घाईनं जाऊन जाऊन माणूस जाणार कुठे, तर पुढच्या मक्याच्या शेतात.

आर्लिस कोवांडा या बाईंना आपलं जन्माचं काम सापडलं ते या उलट्या गाड्यांवरून.

आर्लिसबाई मूळच्या इथल्याच. वडिलांची डुकरं होती आणि मका होता. इथल्या पोरांची पहिली कमाई म्हणजे उन्हाळ्यात शेतोशेत फिरून मक्याचे तुरे खुडणं. पहाटे दवानं भिजायचं, दुपारी उन्हानं भाजायचं आणि पानांनी हात कापून घ्यायचे. या कामाचे दोन-चार उन्हाळे ज्यानं काढले त्याला फौज म्हणजे आजोळ वाटतं. आर्लिसबाई एकोणिसाव्या वर्षी तुरे टाकून फौजेत गेल्या त्या बावीस वर्षं परत आल्या नाहीत.

फौजेत त्यांच्याकडे कोठार होतं. बंदूक चालवणारे फौजेत पुष्कळ असतात. पण बूट, तंबू, ब्लँकेट आणि टॉयलेट पेपर ज्याच्या हातून जातो त्या माणसाला जनरलसुद्धा थांबून ‘घरचे कसे आहेत’ विचारतो. आर्लिसबाईंनी तिथं दोन विद्या कमावल्या. कागदावर नसलेली वस्तू हजर करणं ही एक, आणि हजर असलेली वस्तू साहेब यायच्या आत नाहीशी करणं ही दुसरी. मधल्या काळात जर्मनीत त्यांना एक नवरा झाला आणि तो जर्मनीतच राहिला. भांडण वगैरे काही नाही. बदली होताना सामान कमी ठेवावं लागतं, एवढंच त्या सांगतात.

सार्जंटच्या पट्ट्या उतरवून गावी परतल्या आणि हिशेबनीस व्हावं म्हणून कॉलेजात दाखल झाल्या. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं उठून स्वतःबद्दल एक गमतीची गोष्ट सांगायची. शेजारच्या मुलीनं सांगितलं की तिच्या मांजराला माशांची भीती वाटते. सगळे हसले. आर्लिसबाईंनी उभ्या राहून आपली बावीस वर्षं चाळून पाहिली. गमतीच्या गोष्टी ढीगभर होत्या; पण शेवटपर्यंत सगळी पात्रं हयात राहतील अशी एक काही चटकन सापडेना. ‘माझ्याकडे काही नाही,’ म्हणून त्या खाली बसल्या, आणि दुपारचा डबा आपल्या पिकअपमध्ये जाऊन एकट्यानं खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पार्किंगच्या अगदी शेवटच्या रांगेत आणखी काही गाड्या उभ्या आहेत. सगळ्या उलट्या लावलेल्या. प्रत्येकीत एक माणूस. प्रत्येकाच्या मांडीवर सँडविच, आणि काचा वर.

त्यांनी पहिली काच वाजवली ती लाव्हर्न डॉबेक यांची. हे गृहस्थ व्हिएतनामच्या लढाईतले, सत्तरी ओलांडलेले, वेल्डिंग शिकायला येणारे.

“दार उघडा, बाहेर गारठा आहे,” आर्लिसबाई म्हणाल्या.

“बाई, मी तुम्हाला ओळखत नाही.”

“मी तरी कुठे ओळखते? पण तुमच्याकडे थर्मास आहे आणि माझ्याकडे कप.”

ऑर्चर्ड बेंडच्या माजी सैनिक केंद्राची स्थापना झाली ती अशी. कोनशिला नाही, फीत नाही, भाषण नाही. पुढे या टोळक्याची कॉलेजलाच दया आली, किंवा पार्किंगमध्ये सांडणाऱ्या कॉफीचा कंटाळा आला असेल, आणि तळमजल्यावरची एक खोली मिळाली. पूर्वी तिथं फोटो धुवायला शिकवत. मागं एक बिनखिडकीची अडगळीची खोली होती, तीही पदरात पडली. मग राज्याच्या विधिमंडळानं अशा केंद्रांसाठी अनुदान ठेवलं, दर दोन वर्षांनी नव्यानं मंजूर करायचं. त्यातून आर्लिसबाईंना पगार सुरू झाला, गणिताला एक शिकवणारा आला, आणि कुणाचा सरकारी शिक्षणभत्ता कागदपत्रात अडकला की तो सुटेपर्यंत त्याच्या गाडीत तेल घालायची सोय झाली. हिशेबनीस व्हायचं राहिलंच. हिशेब मात्र पाठ सोडीना.

खोलीतलं सामान आर्लिसबाईंनी पहिल्या विद्येच्या जोरावर जमवलं. सोफा एका बंद पडलेल्या दंतवैद्याचा, त्यामुळे त्यावर बसलं की माणूस आपोआप तोंड किंचित उघडं ठेवी. कॉफीचं यंत्र चर्चच्या तळघरातलं. भिंतीवर रमोना बार्सेनासच्या मुलींनी खडूनं काढलेली जहाजं. ही रमोना नौदलाच्या दवाखान्यात होती, आता नर्सिंग शिकते, आणि शाळा सुटली की मुली इथंच येऊन पसरतात. दर बुधवारी विजेच्या भांड्यात चिली, म्हणजे खिमा, राजमा आणि टोमॅटोचा रटरटणारा रस्सा, आणि त्याच्याशी दालचिनीचा गोड रोल. शाळेच्या जेवणात लहानपणापासून हेच खाल्लेलं असल्यामुळे इथं कुणाला त्यात विचित्र वाटत नाही. राज्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग आपण गंभीर आहोत हे बघून विषय बदलतो.

लाव्हर्न वेल्डिंगच्या त्याच वर्गात पुन्हा पुन्हा नाव घालत. पास झालो तर यायला निमित्त उरणार नाही, असं त्यांचं साधं म्हणणं. आणि एक गेरिट व्हान्डरपोल, जहाजातून उतरून किनाऱ्यावर लढणाऱ्या दलातला. मरीन. दाढी छातीपर्यंत, आवाज जवळजवळ नाहीच. त्याचं पहिलं अख्खं सत्र गाडीत गेलं, बरोबर फक्त एक तपकिरी कुत्रा. आर्लिसबाई दर बुधवारी जाऊन काच वाजवायच्या, तो मान हलवून नको म्हणायचा, त्या परत यायच्या. एका बुधवारी बर्फात त्यांचा पाय घसरला, तेव्हा त्यांना हात द्यायला म्हणून तो उतरला आणि आत आला. पाय खरंच घसरला होता का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नाही. कुत्र्याचं नाव कर्नल. आयुष्यात एकदा तरी कर्नलला ‘गप बस’ म्हणायचं होतं, असं गेरिटनं पुढं कधीतरी सांगितलं. त्याचं केंद्रातलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना डीन ओलँडर एका सकाळी खाली आले. ओलँडर माणूस भला, पण वाईट बातमी सांगताना ते हवामानापासून सुरुवात करत. त्या दिवशी ते वाऱ्यावर बरंच बोलले, तेव्हाच आर्लिसबाईंनी कप खाली ठेवला. विधिमंडळाची तिजोरी आटली होती. काही केंद्रं बंद करायची होती. कुठली, हे ठरवण्यासाठी विधिमंडळाच्या अनुदान समितीतल्या एक बाई गावोगाव फिरून खोल्या बघत होत्या: माणसं खरंच येतात का, की नुसता फलक आहे. त्यांनी नाही म्हटलं तर अनुदान बंद, आर्लिसबाईंची नोकरी बंद आणि खोली व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कॉलेजच्या संघाला. या संघाला सरावाला जागा हवी होती. ते पडद्यावर लढाई खेळत.

यावर लाव्हर्न म्हणाले, तसं बघितलं तर ती पोरं आपल्यापेक्षा चांगली फौज आहे. त्यांच्यात मेलेला माणूस पुन्हा उठून कामाला लागतो.

आर्लिसबाई हसल्या नाहीत. त्यांना स्वतःच्या नोकरीची फारशी चिंता नव्हती. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात त्यांना कुणीही ठेवून घेतलं असतं, आणि वर्षभरात ते दुकान त्यांनीच चालवलं असतं. पण रात्रंदिवस त्यांच्या डोळ्यांपुढे पार्किंगची शेवटची रांग येऊ लागली. उलट्या गाड्या, वर केलेल्या काचा. आणि दुसऱ्यांदा काच वाजवल्यावर गेरिट उतरेलच याची कुणी हमी द्यावी?

डीनसाहेब जाता जाता दारात थांबले आणि धीर द्यावा म्हणून म्हणाले, “आर्लिस, बाई सहज बघून जातील. खास काही तयारी करू नका. जसं असतं तसं असू द्या.”

भल्या माणसाला काय माहीत, आपण काय बोललो ते. फौजेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला यापेक्षा भयंकर वाक्य नाही. साहेब ‘तयारीत राहा’ म्हणाला तर बूट पुसावेत. ‘कडक तपासणी आहे’ म्हणाला तर फरशी पुसावी. पण ‘खास काही तयारी करू नका’ म्हणाला, आणि तेही हसून, तर समजावं की हा हातमोजे घालून येणार आणि दाराच्या चौकटीवर बोट फिरवणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. डीनसाहेबांची पाठ वळली आणि आर्लिसबाईंनी बादल्या मागवल्या.

पुढचे दिवस केंद्राच्या इतिहासात सोन्याचे म्हणावेत असे गेले. वर्षभर ज्यांना गणिताची उजळणी करा म्हणून विनवावं लागे, ती माणसं फरशी घासायला वेळेच्या आधी हजर. मरीन म्हणत, तुम्ही फौजवाले घासत नाही, कुरवाळता. फौजवाले म्हणत, मरीनला ब्रश द्या, फक्त तो चावून खाऊ देऊ नका; मरीनच्या अकलेवरचे असले विनोद फौजेत फार जुने. नौदलाच्या वतीनं रमोना एकटीच होती, पण तिनं दोघांनाही पाणी कसं वापरतात ते दाखवून दिलं. गेरिट जमिनीवर आडवा पडून टेबलाच्या पायांच्या खालची बाजू पुसत होता, आणि शीळ घालत होता. हे सगळं बघून आर्लिसबाईंना भरून आलं. भरून आलं की त्यांचा आवाज चढतो, त्यामुळे सगळ्यांना वाटलं बाई चिडल्यात, आणि घासण्याला आणखी जोर आला.

मग सामानाकडे त्यांची नजर वळली. दंतवैद्याचा सोफा उचलला तर खाली एक हरवलेला मोजा, कुणाचंसं ओळखपत्र आणि कर्नलनं पुढच्या अडचणीच्या काळासाठी ठेवलेलं अर्धं हाड निघालं. सोफा अडगळीच्या खोलीत रवाना झाला. रमोनानं विचारून पाहिलं की त्या बाई माणसं बसतात कुठे हेच बघायला येतायत ना. आर्लिसबाई म्हणाल्या, तपासणीला येणारा माणूस सोफा बघत नाही, सोफ्याखाली बघतो. सोफ्यामागून कॉफीचं यंत्र गेलं, कारण त्याच्याखाली डाग पडतो. खडूची जहाजं पुसायचं कुणाला धैर्य होईना, तेव्हा त्यांच्यावर पांढरा फळा लावला. डोनटची खोकी गेली, पत्ते गेले, कर्नलचं अंथरूण गेलं. अडगळीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि पुढच्या खोलीत पायाखेरीज काही ठेवायला उरलं नाही.

तपासणीचा दिवस उजाडला, बुधवार. आर्लिसबाई दारात उभ्या राहिल्या. फरशीत छताचं प्रतिबिंब, खुर्च्या दोरी लावून मांडल्यासारख्या. सगळं जिथल्या तिथं. फक्त एकच गोष्ट डोळ्यांना खुपत होती: माणसं. गेरिटची दाढी, लाव्हर्नची वेल्डिंगनं जळलेली टोपी आणि त्याहून जळजळीत जीभ, रमोनाच्या अंगावर दवाखान्यातून थेट आल्यामुळे कसलेसे डाग. आणि फौजेतलं पहिलं सूत्र असं की उत्तम शिपाई तो, जो तपासणीच्या वेळी साहेबाला दिसत नाही. आर्लिसबाईंनी एकेकाकडे पाहिलं, मग अडगळीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. जुनी माणसं. चिलीचं भांडं उचललं, कुत्र्याला घेतलं, आणि रांगेनं आत गेली.

समितीच्या बाईंचं नाव थेडा ओस्टरगार्ड. मोठ्या बांध्याच्या, वाऱ्यानं गाल लाल झालेल्या, राज्याच्या राजधानीतून, लिंकनहून, स्वतः गाडी चालवत आलेल्या. हातमोजे होते, पण लोकरीचे, आणि ते त्यांनी दारातच काढून खिशात कोंबले. मग फरशीकडे पाहिलं, आपल्या बर्फानं माखलेल्या बुटांकडे पाहिलं, आणि बूटही काढले. मागं डीनसाहेब होते. त्यांनाही मग काढावे लागले. राज्याचं आणि कॉलेजचं प्रतिनिधिमंडळ असं मोज्यांवर आत आलं.

“फारच स्वच्छ आहे,” ओस्टरगार्डबाई म्हणाल्या.

आर्लिसबाईंची छाती इंचभर पुढे आली. बाईंनी पर्स एका खुर्चीवर ठेवली, खुर्ची रेसभर हलली, आर्लिसबाईंनी ती सरळ केली. बाईंनी विचारलं, इथं साधारण कोण येतं. आर्लिसबाई म्हणाल्या, सगळे येतात. मग आत्ता कुठे आहेत, तर आर्लिसबाईंनी घसा खाकरला आणि म्हणाल्या, कामात आहेत. कॉफी मिळेल का, म्हणून बाईंनी सहज विचारलं. इथं कॉफी नसते, असं आर्लिसबाईंच्या तोंडून निघून गेलं. मागं डीनसाहेबांनी डोळे मिटून घेतले. रोज सकाळी फुकट कॉफी प्यायला तेच खाली येत.

ओस्टरगार्डबाईंनी खोलीभर एक चक्कर मारली. मोज्यांचा आवाज होत नव्हता. मग त्या थांबल्या आणि जरा ओशाळल्यासारख्या बोलल्या.

“कोवांडाबाई, गेल्या आठवड्यात मी एक अशीच खोली बघितली. सुंदर. खुर्च्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं. विधिमंडळातली मंडळी मला एकच विचारणार आहेत, माणसं येतात का? तुमच्याबद्दल मी काय सांगू?”

इतका वेळ आर्लिसबाई खोलीकडे साहेबाच्या डोळ्यांनी बघत होत्या. आता त्यांनी ती या बाईच्या डोळ्यांनी बघितली. चकाकणारी, रिकामी, कुणाचीही नसलेली खोली. यात उद्या कुणीही येऊन राहिलं तरी कुणाचं काही जाणार नाही. अति तेथे माती म्हणतात, पण इथं तर त्यांनी मातीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती.

त्यांनी अडगळीच्या दाराजवळ जाऊन खोकून पाहिलं. आत शांतता. दारावर बोटांनी टकटक केली. शांतता आणखी गडद झाली. खरं तर आत इतकी माणसं, एक कुत्रा आणि रटरटणारं भांडं असताना असा शुकशुकाट म्हणजे शिस्तीची कमाल होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांना अभिमान वाटला असता. शेवटी त्या, हवामानाबद्दल बोलावं तशा आवाजात, दाराला म्हणाल्या की आत कुणी असेल तर त्यानं आता बाहेर यायला हरकत नाही. आत लाव्हर्ननी सगळ्यांना हातानं खूण केली: हलू नका. त्यांच्या पलटणीत एक कॅप्टन होता, तो अशीच हाक मारून कोण फसतं ते बघायचा.

दार आपल्यालाच उघडावं लागणार, हे आर्लिसबाईंना कळलं. तपासणीला आलेल्या माणसासमोर स्वतःच्या हातानं अडगळ उघडायची. त्यापेक्षा त्यांना तुरे खुडायला पाठवलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी कडी काढली.

आधी वास आला. खिमा, कॉफी, दालचिनी आणि ओला कुत्रा. मग दिसू लागलं. दंतवैद्याचा सोफा आडवा मावला नाही म्हणून उभा केलेला, आणि त्याच्या कुशीत लाव्हर्न, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर चिलीचं भांडं, झाकण हातानं दाबून धरलेलं. एका हातानं कर्नलचं तोंड धरून गेरिट भिंतीवर खडूनं अपूर्णांक मांडत होता: रुग्णाचं वजन, औषधाची मात्रा. शेजारी रमोना मोबाईलच्या उजेडात ते उतरवून घेत होती. बाकीची मंडळी खोक्यांवर, खोक्यांमध्ये, आणि एक जण चक्क फळीवर. दार उघडताच सगळे सावधान उभे राहिले, म्हणजे ज्यांना जागा होती ते. फळीवरच्यानं नुसती हनुवटी ताठ केली.

ओस्टरगार्डबाईंनी दारातून वाकून एकेकाला नजरेनं मोजलं. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही इथं कधीपासून आहात?”

“सकाळपासून,” लाव्हर्न म्हणाले. “आमची काही तक्रार नाही हं, बाई. पुढच्या खोलीत आम्ही बसत नाही. फरशी खराब होते.”

“असं कुणी सांगितलं?”

सगळ्यांनी छताकडे पाहिलं. आपल्या माणसाचं नाव सांगायचं नसतं. कर्नलनं मात्र सरळ आर्लिसबाईंकडे पाहिलं. अधिकारी तो अधिकारीच.

“मी सांगितलं,” आर्लिसबाई म्हणाल्या. “कुणी बघायला येतंय म्हटलं की जे खरं असेल ते लपवायचं, एवढंच मला येतं. यांना मीच लपवलं. खोली बंद झाली तर ही माणसं उद्या आपापल्या गाडीत जाऊन बसतील, काचा वर करून. मग यांना मोजायला तुम्हाला पार्किंगमध्ये यावं लागेल, बाई, आणि कुणी काच खाली करणार नाही.”

हे त्या ओरडून बोलल्या, म्हणजे त्यांना भरून आलं होतं. या खेपेला ते सगळ्यांना कळलं.

डीनसाहेब हवामानाबद्दल काही सुचतंय का बघत होते. तेवढ्यात ओस्टरगार्डबाईंनी नाक वर करून हवेत एकदा हुंगलं, आणि रोल कुठे आहेत, म्हणून विचारलं. चिली आहे म्हणजे रोल असणारच. बाई याच राज्यातल्या होत्या. रोल कागदपत्रांच्या कपाटाच्या खालच्या खणात होते. गेरिटनं आपलं खोकं पुसून त्यांना बसायला दिलं. त्या मोज्यांवर आत शिरल्या, बसल्या, आणि रोलचा तुकडा मोडून रश्शात बुडवला. हे बघून लाव्हर्ननी सुटकेचा निःश्वास टाकला. रोल वेगळा खाणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नसे.

खाता खाता त्यांनी गेरिटला विचारलं, तुम्हाला इथं काय मिळतं. सगळे घाबरले, कारण परक्यांशी गेरिट बोलत नसे. त्यानं कुत्र्याकडे बघत उत्तर दिलं.

“पहिलं सत्र मी गाडीत काढलं. कुणाशी बोललो नाही. मग या बाईंनी काच वाजवली. आता मी हिला अपूर्णांक शिकवतो.” थोडं थांबून म्हणाला, “तिला येत नाहीत.”

“शिकवणाराच मरीन, मी काय करू?” रमोना म्हणाली.

ओस्टरगार्डबाई हसल्या, आणि ठसका लागला, कारण रश्शात तिखट घालताना लाव्हर्नचा हात सढळ असतो. फळीवरच्यानं वरूनच पाणी दिलं. उठताना त्यांनी ओठ पुसले आणि आर्लिसबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या खोलीबद्दल मी समितीला काहीच सांगू शकत नाही, तिथं मी काही पाहिलंच नाही. पण या अडगळीसाठी मी भांडेन. तुमच्या मागणीतलं थोडं कापलं जाईल, तेवढी तयारी ठेवा. कापलं जाणार हे आर्लिसबाईंनी आधीच धरून मागणी केली होती. कोठारातली माणसं लागेल तेवढंच कधी मागत नाहीत. त्यांनी चेहरा पाडून मान हलवली.

बाईंची गाडी आवाराबाहेर पडायच्या आत सोफा पुढच्या खोलीत आला होता. संध्याकाळी रमोनाच्या मुलींनी फळा सरकवून जहाजांना एक कुत्रा जोडला.

अनुदान मंजूर झालं. विधिमंडळात चर्चा बरीच झाली म्हणतात. ओस्टरगार्डबाई उठून काय बोलल्या ते कळलं नाही, पण त्यांच्या बोलण्यात दालचिनीच्या रोलचा उल्लेख आला होता असं डीनसाहेबांच्या कानावर आलं. आर्लिसबाईंनी बातमी ऐकून फक्त ‘बरं’ म्हटलं आणि पार्किंगच्या शेवटच्या रांगेकडे निघून गेल्या. तिथं एक नवीन हिरवी पिकअप दोन दिवस उलटी उभी होती.

वसंतात मात्र पुन्हा गडबड उडाली. ओस्टरगार्डबाईंच्या सांगण्यावरून समितीतली आणखी काही मंडळी हे केंद्र बघायला येणार होती. डीनसाहेब खाली आले, पावसावर चार शब्द बोलले, आणि या वेळी अगदी हात जोडून म्हणाले की कृपा करून जसं असतं तसं असू द्या.

आर्लिसबाईंनी या खेपेला बादल्या मागवल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की पसारा हवा, आणि तो नीट हवा. मग तीन दिवस सराव चालला. लाव्हर्ननी सोफ्यावर कसं लोळायचं, उजवा पाय खाली सोडायचा की डावा. गेरिटनं बूट टेबलावर ठेवायचे, पण जोडीनं नाही, एक थोडा कलता. पत्त्यांचा डाव अर्धा मांडलेला, दोन पत्ते जमिनीवर, त्यांतला एक उताणा. कॉफीचा डाग टेबलाच्या कडेपासून वीतभर आत. कर्नलनं हाड घेऊन दारासमोर आडवं व्हायचं. ते त्याला पहिल्याच प्रयत्नात जमलं आणि त्याला आदर्श म्हणून सगळ्यांसमोर उभं करण्यात आलं, म्हणजे आडवं. रमोनानं विचारलं, सार्जंटबाई, सहज कसं बसायचं याचा सराव तुम्हाला विचित्र वाटत नाही का. आर्लिसबाई म्हणाल्या, सहज बसणं ही जगातली सगळ्यात अवघड कवायत आहे, म्हणून तर मागच्या वेळी आपण तिथं मार खाल्ला.

पाहुण्यांच्या गाड्या आवारात शिरल्याचा आवाज आला तेव्हा सगळे आपापल्या जागी पसरलेले होते. आर्लिसबाईंनी दारातून एकवार खोलीवर नजर फिरवली. डोनटचा चुरा, उघडी पुस्तकं, कुणाचा तरी मोजा. छान. मग दोन पावलं पुढं जाऊन त्यांनी लाव्हर्नची टोपी थोडी आणखी वाकडी केली.